पेटी खाली आहे

या, असे पुढे या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही थोडं सरकावं, सतरंजी मोठी आहे आणि ही गोष्ट फार मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. आज देवाची कथा नाही. देवाचं नाव घेणाऱ्यांची आहे. हिच्यात चोरी आहे, आळ आहे, आणि चोरही सापडतो. पण चोर सापडल्यावर कोणाच्याच तोंडातून शब्द फुटला नाही. तो का फुटला नाही, एवढं ऐकून मगच उठा.

१

माघातली दुपार. रायपूर शहर दाखवत फिरणारी दोन मजली बस तेलीबांधा तलावाच्या कडेकडेनं चालली होती. वरच्या मजल्यावर लहान लहान टेबलं, टेबलांवर कप, बशांत ठेठरी-खुरमी, आणि मधल्या खुर्चीत हार घातलेले दत्तोपंतबुवा. बुवांचं सहस्रचंद्रदर्शन. ज्या शहरात त्यांनी उभा जन्म कीर्तन केलं, ते शहर त्यांना एकदा उंचावरून दाखवावं, वरच बसून चहा घ्यावा, आणि संध्याकाळी ब्राह्मणपाऱ्यातल्या, म्हणजे त्यांच्याच मोहल्ल्यातल्या, देवळात त्यांचं अखेरचं कीर्तन ऐकावं, असा पाऱ्यातल्या मंडळींचा बेत होता.

बुवा खुशीत होते. "हा कोणता तलाव रे?" त्यांनी विचारलं. सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मंडळी हसली, वरून सगळंच निराळं दिसतं, बुवा. मग समोरच्या रिकाम्या कपाकडे बघत बुवा म्हणाले, "काहून रे भैय्यालाल, सगळ्यांले चहा दिला, मले विसरला का?" पुन्हा हशा. बुवांची थट्टा म्हणून भैय्यालालनं दुसरा कप भरला.

भैय्यालाल हा बसमधला चहावाला. गुढ़ियारीचा, चाळिशीतला, अरुंद जिन्यावरून भरला ट्रे एका हातावर तोलत नेणारा. खालच्या मजल्यावर त्याची शेगडी, केटली आणि सामानाची जागा.

"आता माझी पेटी आण बाबा," बुवा त्याला म्हणाले. "गुरुजींच्या झांजांचं दर्शन होऊ दे सगळ्यांले."

भैय्यालाल खाली गेला आणि शिसवी लाकडाची छोटी पेटी घेऊन आला. चहा घेताना बुवांची मांडी मोकळी असावी म्हणून बुवांच्या सूनबाईंनीच ती मघाशी त्याच्याकडे खाली पाठवली होती. बुवांनी पेटी कपाळाला लावली. कडी काढली. झाकण उघडलं.

आत लाल मखमल होती आणि मखमलीवर दोन गोल खळगे. इतक्या वर्षांच्या वजनानं पडलेले. खळग्यांत काही नव्हतं.

सूनबाईंचा कप बशीवर टेकता टेकता हवेतच राहिला. बुवांनी खळग्यांवरून बोटं फिरवली, जशी आंधळ्यानं ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरवावी, आणि हळूच विचारलं, "माझ्या झांजा कोणी नेल्या?"

२

त्या झांजा काशाच्या. हातात घेतल्या तर मनगट झुकेल अशा वजनदार. गुरूंनी दिलेल्या. त्यांच्याशिवाय बुवा कधी कीर्तनाला उभे राहिले नव्हते, राहणार नव्हते; आणि आज संध्याकाळी त्या ते पुढच्या हाती सोपवणार, असं अख्ख्या पाऱ्यात बोललं जात होतं.

"पेटी कोणाकडे होती? खाली कोण होतं?" बुवांचा मुलगा सौमित्र उभा राहिला. सिलतऱ्याच्या कारखान्यात अधिकारी. हुकूम सोडायची सवय. उत्तर सगळ्यांच्या नजरांनीच दिलं.

भैय्यालालनं ट्रे टेबलावर ठेवला. "मैं नइ लेंव साहब."

त्याचं कपाट उघडलं गेलं. डबा उघडला गेला, त्यातली चटणी-भाकर सगळ्यांनी पाहिली. शेगडीमागे पाहिलं. झांजा मिळाल्या नाहीत.

"रस्त्यात कोणाला तरी दिल्या असतील. सिग्नलला बस थांबलीच होती," सौमित्र म्हणाला आणि त्यानं बसच्या कंपनीला फोन लावला. बूढ़ा तालाबच्या थांब्यावर सुपरवायझर चढणार होता. तिथंच भैय्यालालला उतरवायचं, तिथून ठाण्यात.

"बाकीच्या पिशव्या बघायच्या नाहीत का?" मागच्या खुर्चीतून कोणी तरी विचारलं.

"मावशी, अपने लोगों की?" सौमित्रला धक्काच बसला.

विचारणाऱ्या इरावतीबाई मोडक. बुवांच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसून डोळे पुसणाऱ्या. पण नोकरीचा जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेला, हरवलेल्या सामानाची चौकशी करण्यात. तिथं त्यांना एक गोष्ट समजली होती. सामान हरवलं की लोक सगळ्यात आधी हमालाकडे बघतात, आणि सामान सगळ्यात शेवटी हमालाकडे निघतं.

"थांबा यायला अजून अवकाश आहे," त्या म्हणाल्या. "तोवर मले जरा विचारू दे."

"आप बैठो ना मावशी. वो देख लेगा."

"बसूनच तर आली इथपर्यंत," इरावतीबाई म्हणाल्या आणि जिन्याचा कठडा धरून खाली उतरल्या.

३

भैय्यालाल शेगडी पुसत होता. ती स्वच्छच होती.

"बैठा रह," इरावतीबाई म्हणाल्या. "पेटी तुझ्या हातात आली तेव्हा कशी होती, ते सांग."

"मैं तो खोलेंव घलो नइ, दाई."

"उघडली का, ते नाही विचारत. जड होती की हलकी?"

त्यानं वर पाहिलं. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "हरू रिहिस," तो म्हणाला. हरू म्हणजे हलकी. "एकदम हरू. दो उंगली में उठा लेंव. मैं सोचेंव, भीतर अगरबत्ती होही."

काशाच्या झांजा दोन बोटांवर उचलवत नाहीत. म्हणजे पेटी जिन्यावरून उतरली तेव्हाच रिकामी होती, आणि त्याआधी ती बुवांच्या मांडीवरून क्षणभर हलली नव्हती. पण हे त्या वर जाऊन कोणाला सांगणार? चोर असं म्हणणारच, हे सौमित्रचं उत्तर त्यांना आधीच ऐकू येत होतं.

भैय्यालाल खालच्या आवाजात म्हणाला, "दाई, नौकरी जाही त जाही. मोर बेटी के बिहाव तय होए हे. चोर के बेटी कहाही."

नोकरी गेली तर जाऊ दे, पण मुलीचं लग्न ठरलंय; तिला चोराची पोरगी म्हणतील.

त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सामानाच्या फळीवर, बसमध्ये भजन म्हणायला आणलेली देवळातली हार्मोनियम खोळीत बांधून ठेवलेली होती. तिच्या शेजारी मघाशी ती छोटी पेटी होती. इरावतीबाईंनी खोळ उचलून पाहिली, भाता दाबून पाहिला. हार्मोनियममध्येही काही नव्हतं.

मग कोणी नेल्या? बुवांच्या मांडीवरून?

४

वर बुवा डोळे मिटून बसले होते आणि सूनबाई, गंधाली, त्यांना वारा घालत होती. गंधाली पुण्याची. लग्न होऊन दोनच वर्षं झालेली, घरात सगळं नेटकं असावं म्हणून झटणारी.

"मी म्हणत होते, तो जुना डबा बरोबर आणू नका," ती इरावतीबाईंना म्हणाली. "सकाळपासून मी एकेक गोष्ट बघतेय हो. हार, शाल, औषधं. बाबांचं ते भगवं उपरणं तेवढं घरी राहिलं, खांद्यावर दिसलं नाही तेव्हा लक्षात आलं. पेटीचीसुद्धा मला काळजी, देवळातली, उसनी आणलेली. बसमध्ये बसल्या बसल्या बाबांना विचारलं, पेटी नीट आली ना? तर म्हणाले, पेटी खाली आहे. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला."

"हो, आहे खाली. पाहिली मी," इरावतीबाई म्हणाल्या. त्यांचं अर्धं लक्ष शिशिरकडे होतं.

शिशिर बुवांचा शिष्य. पाऱ्यातलाच, बुवांच्या मागे उभा राहून लहानाचा मोठा झालेला. सगळ्यांच्या पिशव्या वरच्या फळीवर होत्या. त्याची मांडीवर होती, दोन्ही हात तिच्यावर. समोरच्या चहावर साय धरली होती. चहाचा दर्दी पोरगा, आणि कपाला ओठ लावला नव्हता.

सौमित्र म्हणाला, "झांजा आज शिशिरलाच मिळणार होत्या. हा कशाला चोरेल?"

खरंच, कशाला चोरेल? आपल्याच घरात कोणी सेंध लावत नाही, भिंत फोडून शिरत नाही.

"बुवांसाठी घोटभर चहा बघ रे," इरावतीबाईंनी शिशिरला सांगितलं. त्याला उठवायचं होतं, पिशवी ठेवून जातो का ते पाहायचं होतं. तो पिशवी काखेला मारूनच उठला. जिन्याच्या तोंडाशी भैय्यालालनं ठेवलेली केटली त्यानं उचलली, कपावर उलटी धरली. थेंबही पडला नाही.

"मावशी, केटली खाली आहे," तो म्हणाला.

बुवांना वारा घालणारी गंधाली मान न वळवताच म्हणाली, "मग कोणाला तरी वर आणायला सांगा ना."

एरवी अख्खी बस हसली असती. शिशिर उलटी केटली हातात धरून तसाच उभा राहिला.

इरावतीबाईंनी मात्र तो शब्द मनात पुन्हा उच्चारला. पुण्यात खाली म्हणजे तळमजल्यावर. रायपुरात आपण हिंदीशेजारी पिढ्या काढल्या. इथल्या मराठीत खाली म्हणजे रिकामं. केटली खाली. खिसा खाली.

पेटी खाली.

"गंधाली," त्यांनी हळूच विचारलं, "बुवा तसं म्हणाले तेव्हा त्यांनी काही केलं का? हातानं?"

"काही नाही. मांडीवर तो डबा होता, त्याच्यावर टिचकी मारली आणि हसले. का हो?"

बुवा हार्मोनियमला कधीच पेटी म्हणत नाहीत. त्यांच्या तोंडी ती बाजा. 'बाजा काळी दोनमध्ये लाव रे,' हे वाक्य इरावतीबाईंनी शेकडो वेळा ऐकलं होतं. बुवांची पेटी एकच, झांजांची. मघाशी त्यांनी 'माझी पेटी आण' म्हटलं तेव्हा भैय्यालालनं हार्मोनियम आणली नव्हती.

मग बस सुटण्याआधीच पेटी रिकामी असल्याचं बुवांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते हसत हसत सांगितलंही होतं.

इरावतीबाईंनी डोळे मिटलेल्या बुवांकडे पाहिलं. दोनदा विचारलेला तलाव त्यांना आठवला. रिकाम्या कपासमोर मागितलेला चहा आठवला. ती थट्टा नव्हती.

५

त्यांनी शिशिरला जिन्यात गाठलं. वर बस, खाली बस, मध्ये ते दोघं.

"उपरण्यात गुंडाळल्या ना?" त्या म्हणाल्या.

त्यानं पिशवीचं तोंड थोडंसं उघडलं. आत भगवं कापड होतं.

"पहाटे बोलावलं मले," तो म्हणाला. "देवासमोर बसवलं. उपरणं खांद्यावरून काढलं, त्यात बांधून दिल्या. म्हणाले, आता ह्या तुझ्या. कोणाले बोलू नको, संध्याकाळी कीर्तनात मीच सांगीन. रिकामी पेटी बरोबर घेतो, लोकांची मजा पाहू. आणि मावशी, मघाशी त्यांनी विचारलं, माझ्या झांजा कोणी नेल्या. माझ्याकडे बघून विचारलं. मस्करी नव्हती ती. त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं, मावशी."

"मग बोलला काहून नाही?"

"काय बोलू? तुम्हीच दिल्या, विसरलात, असं म्हणू? सगळ्यांसमोर? आज? गेल्या महिन्यापासून आख्यान मध्येच तुटून राहिलं, मी मागून ओवी उचलतो, कोणाले कळत नाही. आज कळलं तर हे लोक त्यांना उभं राहू देतील का? आणि पिशवीत माल माझ्याच. कोण विश्वास ठेवील?"

"आणि भैय्यालाल?"

शिशिरनं जिन्यातून वरच्या सीटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "सीटखाली सापडल्या म्हणू. मी टाकतो हळूच. कोणाचंच नाव नाही येणार."

इरावतीबाईंना तो मोह झाला. बुवांची अब्रू राहील, संध्याकाळ राहील, शिशिरही सुटेल. मग खालून कपांचा आवाज आला. भैय्यालाल कप विसळत होता.

"सीटखाली सापडल्या, तर लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या. "सुपरवायझर येणार हे ऐकून भ्याला, आणि टाकून दिल्या. त्याच्या पोरीच्या लग्नात हेच बोललं जाईल. नाही रे बाबा. त्याचं नाव धुवायचं, तर खरंच सांगावं लागेल. सगळं."

"बुवा मोडतील."

इरावतीबाईंचे डोळे भरले. ज्या माणसानं त्यांना देवाचं नाव गोड करून दिलं, त्यालाच आता चारचौघांत उघडं पाडायचं होतं.

बाहेर बूढ़ा तालाबचं पाणी दिसू लागलं.

६

बस थांबली. सुपरवायझर वर आला, कमरेवर हात ठेवून. इरावतीबाई मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं. भैय्यालालच्या दोन बोटांवर पेटी कशी उचलली गेली ते सांगितलं. उपरणं कुठं गेलं ते सांगितलं. मग गंधालीला म्हणाल्या, "बाई, तुझ्या कानांनीच आज हा माणूस वाचवला. बुवा तुला सुरुवातीलाच बोलले होते. पेटी रिकामी आहे, असं."

गंधाली काही क्षण ओठ हलवत राहिली, तेच तीन शब्द पुन्हा पुन्हा तपासत. मग तिनं तोंडावर हात घेतला.

शिशिरनं पिशवीतून गाठोडं काढून बुवांच्या पायांशी ठेवलं. गाठ सुटली. ऊन झांजांवर पडलं आणि छतावर दोन गोल कवडसे थरथरू लागले.

सौमित्र म्हणाला, "बाबा? तुम्ही दिल्या होत्या?"

बुवा बराच वेळ झांजांकडे बघत राहिले. आठवायचा प्रयत्न त्यांच्या कपाळावर दिसत होता, आणि तो प्रयत्न रिकाम्या हातानं परत आलेलाही सगळ्यांनी पाहिला.

"मले नाही आठवत," बुवा म्हणाले. "पण गाठ माझी आहे. ही गाठ मीच मारतो, गुरुजींनी शिकवलेली." मग थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे चोर मीच की."

"बाबा, असं नका..."

"त्या भैय्यालालले चोर कोणी म्हटलं?" बुवांनी विचारलं.

सौमित्र खाली बघू लागला, आणि बाकी कोणाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही.

बुवांनी शिशिरसमोरचा तो भरलेला कप उचलला आणि उठले. कोणी हात धरायला धावलं तर नको म्हणाले. एका हातात कठडा, एका हातात कप, ते जिना उतरले. अर्धा चहा पायऱ्यांवर सांडला. खाली भैय्यालालपुढे त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला, नैवेद्य धरावा तसा.

"ले बेटा. इन लोगों ने तेरा डब्बा खोला, मेरे कारण. माफ कर."

भैय्यालालनं कपात पाहिलं. गार, साय धरलेला चहा. तो एका दमात प्याला. "हव महाराज," म्हणाला आणि कप विसळायला वळला. त्याची पाठ हलत होती. सुपरवायझर उतरून गेला. मागून सौमित्र आला, पण दारातच उभा राहिला, पुढं पाऊल पडलं नाही.

वर येऊन बुवांनी शिशिरला समोर बसवलं आणि झांजा त्याच्या ओंजळीत दिल्या.

"पहाटे दिल्या म्हणतोस. मले आठवत नाही, म्हणून पुन्हा देतो. उद्या मी मागितल्या, तर दे. घटकाभर वाजवू दे. मग मी देईनच."

त्या संध्याकाळी कीर्तन झालं. आख्यान दोनदा तुटलं, आणि दोन्ही वेळा शिशिरनं उचललं. आता मागे उभं राहून नाही, बुवांच्या शेजारी उभं राहून. भैय्यालाल आला नाही. त्याला बोलावणं गेलं होतं. पण त्याची पाळी होती, आणि पाळी नसती तरी तो आला असता का, कोण सांगेल.

अजूनही बहुतेक रोज बुवा झांजा मागतात, वाजवतात आणि शिशिरला देतात, पहिल्यांदा दिल्यासारख्या. तो रोज साष्टांग घालून घेतो, पहिल्यांदा मिळाल्यासारख्या. बुवांना तलाव आठवत नाहीत. आख्यानं गेली. सौमित्रला ते कधी कधी विचारतात, आपण कोणाकडचे? पण चहाचा कप हातात आला की थांबतात, आणि म्हणतात, "तो भैय्यालाल. त्याचा चहा गार होता रे. गरम द्यायला पाहिजे होता."

ज्याचं सगळं निसटलं त्यानं एवढं एक नाव घट्ट धरून ठेवलंय. माउली, तुमच्या-माझ्या ध्यानात तर सारंच राहतं. तेव्हा एवढंच करा: कोणी आयता चहा आणून तुमच्यापुढे ठेवला, तर घोट घेण्याआधी त्याच्या तोंडाकडे एकदा बघा, आणि गुढ़ियारीच्या भैय्यालालची आठवण ठेवा.